हिरव्या कवडशाची नेमकी छटा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सहा वर्षांपासून ॲक्रिलिकमध्ये काम करणाऱ्या एका वाचक भगिनीने लिहिलं आहे. लहानपणी आजीच्या घरी मधल्या खोलीच्या दारावर रंगीत काचांची तावदानं होती. दुपारी त्यांतून ऊन आत येई आणि फरशीवर हिरवे कवडसे पडत. त्या कवडशात हात धरून त्या तासन्‌तास पडून राहत. तेव्हापासून हिरवा हा त्यांचा रंग. आता एका समूह-प्रदर्शनात आठ चित्रं लावण्याची संधी आली आहे आणि विषय म्हणून त्यांना हेच कवडसे घ्यायचे आहेत. पण छटा जमत नाही. केलेली चित्रं ‘प्लास्टिकसारखी’ दिसतात. भाऊ ठामपणे सांगतो की काचा निळ्या होत्या. घरातल्या एकमेव रंगीत फोटोत तावदानं मातकट तपकिरी दिसतात, आणि ते घर आता उभं नाही. त्यात एका जाणकाराने ऐकवलं, की हिरवा रंग विकला जात नाही आणि बालपणीच्या आठवणी रंगवणं हा भाबडेपणा आहे. त्या विचारतात, “खरी छटा सापडतच नसेल तर मी काढतेय ते खोटं नाही का? विषय सोडून द्यावा का?”

नमस्कार,

विषय सोडू नका. छटा शोधण्याची जागा मात्र बदला.

तुम्ही ज्या हिरव्याचं वर्णन केलं आहे, तो कशालाही फासलेला रंग नव्हता. ऊन काचेतून गाळून आलं, फरशीवर पडलं आणि तिथून तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचलं. काचेचा रंग, उन्हाची वेळ, फरशीचा रंग, खोलीतला काळोख आणि तुमचे डोळे त्या उजेडात किती वेळ होते, या सगळ्यांनी मिळून तो बनला होता. यातली एक गोष्ट हलली तरी छटा हलते. म्हणजे त्याच दिवशी, त्याच फरशीवर, दुपारी बाराला एक हिरवा होता आणि तीनला दुसरा. ‘खरी छटा’ म्हणून तुम्ही जिच्या मागे आहात ती एकच एक कधी नव्हतीच. त्यामुळे ती सापडत नाही यात तुमच्या हाताचा दोष नाही, आणि जे काढताय ते खोटंही ठरत नाही.

आता भावाचं. निळा आणि हिरवा यांच्या मधला पट्टा असा आहे की तिथे माणसामाणसांत एकमत होत नाही. एकाच पट्टीला एक जण हिरवी म्हणतो, दुसरा निळी, आणि दोघांची नजर उत्तम असते. काच निळसर हिरवी असेल तर तुमचा वाद तिथेच संपला. दुसरी शक्यता मला अधिक रंजक वाटते. डोळे एखाद्या रंगीत उजेडात काही मिनिटं राहिले की त्या उजेडाला सरावतात आणि रंग फिका वाटू लागतो. बाहेरून धावत आलेल्याला तोच रंग अंगावर येतो. तुम्ही कवडशात पडून राहत होता. भाऊ बहुधा आत-बाहेर करत असणार. दोघांनी एकाच खोलीत वेगळं पाहिलं असणं अगदी शक्य आहे. शिवाय तावदानं एकाच रंगाची होती हे तरी कुठे नक्की आहे?

त्याला शब्दांत विचारू नका. शब्दांत विचारलं की वादच होतो. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर १२ पट्ट्या रंगवा. एका टोकाला पिवळट हिरवा, दुसऱ्या टोकाला स्पष्ट निळा, मधे समान टप्पे. मागे क्रमांक घाला, क्रम मोडा आणि त्याला म्हणा, “यातली कुठली?” तुम्हीही तसंच, त्याची निवड न बघता, एक उचला. फरक दोन टप्प्यांचा निघाला तर दोघांना एकच काच आठवते आहे. सहा टप्प्यांचा निघाला तर तुमच्याकडे दोन वेगळ्या चित्रांचा ऐवज आहे. कोण बरोबर, हे ठरवायची गरज दोन्ही वेळा उरत नाही.

फोटोवरून रंग तर मुळीच घेऊ नका. जुन्या रंगीत छायाप्रतीत तीन रंगद्रव्यांचे थर असतात: निळसर, किरमिजी आणि पिवळा. अल्बममध्ये, अंधारात राहिलेल्या जुन्या प्रतींत बहुतेक वेळा निळसर थर आधी विरतो. तो गेला की हिरवा मातकट होतो आणि सगळा फोटो तांबूस दिसायला लागतो. तुमची तावदानं तपकिरी दिसतात याचं कारण बहुधा एवढंच आहे. मात्र त्या फोटोतून बाकी पुष्कळ मिळेल: तावदानं किती उंचीवर होती, चौकटी केवढ्या, फरशी भिंतीपेक्षा गडद की उजळ, उजेड कुठल्या बाजूने येत होता. फोटोची कृष्णधवल प्रत काढा आणि तीच समोर ठेवा, म्हणजे तांबूसपणा डोळ्यांना फसवणार नाही.

ब्रश हातात घेण्याआधी एक टिपण करा, आणि हे खरोखरच आधी करा. आठवण पुन्हा पुन्हा काढली की ती बदलते. तीस अभ्यासचित्रं झाल्यावर तुम्हाला घरातला कवडसा आठवणार नाही, स्वतःची अभ्यासचित्रं आठवतील. एका बैठकीत, वीस-पंचवीस मिनिटांत, रंगाचं नाव न घेता लिहा. कवडशाची कड धारदार होती की पसरट? तो भिंतीवर चढायचा का? हाताची त्वचा त्यात कशी दिसायची? कवडशाच्या बाहेरची फरशी कशी होती? धूळ दिसायची का? जमीन गार होती का? रंगाचं नाव टाळायचं कारण असं, की ‘हिरवा’ म्हटलं की स्मरण त्या रंगाच्या ठरावीक नमुन्याकडे सरकतं. आठवणीतले रंग प्रत्यक्षापेक्षा भडक होतात हे रंगदृष्टीच्या अभ्यासकांना बऱ्याच काळापासून माहीत आहे. तुमची चित्रं प्लास्टिकसारखी दिसण्याचं निम्मं कारण इथेच असावं: आठवणीतला भडकपणा तुम्ही जशाच्या तसा ट्यूबमधून काढताय.

उरलेलं निम्मं कारण तांत्रिक आहे. पण त्याआधी एक प्रयोग.

हिरव्या काचेचा तुकडा मिळवा, बाटलीचा चालेल, कडा घासून घ्या. नाहीतर रंगमंचाच्या दिव्यांना लावतात तो पारदर्शक रंगीत कागद घ्या. खोलीत थेट ऊन येईल अशी एकच फट ठेवा. जमिनीवर चार कागद मांडा: पांढरा, मध्यम करडा, पिवळट आणि विटकरी. त्यावर कवडसा पाडा आणि नुसतं बघा. पांढऱ्यावर काचेचा रंग सर्वांत स्वच्छ दिसेल. पिवळट कागदावर तो उबदार होईल. विटकरीवर मात्र हिरवा असा दिसणारच नाही, एक काळपट, शेवाळी डाग दिसेल, कारण लाल पृष्ठभाग हिरवा उजेड शोषून घेतो. तुमच्या आजीच्या घरची फरशी लालसर असती तर तुम्हाला आठवतो तसा तजेलदार हिरवा पडलाच नसता. फरशीचा रंग आठवत नसला तरी हा प्रयोग उलट्या बाजूने तुम्हाला तो सांगेल.

कडेकडेही बघा. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची रुंदी सुमारे अर्धा अंश आहे. त्यामुळे काचेपासून जमीन एक मीटर दूर असेल तर कवडशाची कड सुमारे १ सेंटिमीटर पसरते, दोन मीटरवर जवळजवळ २ सेंटिमीटर, आणि ऊन तिरपं असेल तर तिरक्या दिशेने आणखी. दारावरच्या तावदानातून आलेला कवडसा धारदार असूच शकत नाही. मास्किंग टेप लावून काढलेला काटेकोर चौकोन म्हणूनच डोळ्यांना खोटा वाटतो. बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण तो थांबणारही नाही.

तिसरी गोष्ट त्वचा. कवडशात हात धरा. हात हिरवा दिसतोच, पण त्याच्या सावलीकडे लक्ष द्या. खोलीत दुसरीकडून थोडा पांढरा उजेड येत असेल तर हाताच्या सावलीला गुलाबी झाक दिसेल. तिथे हिरवा उजेड अडतो, पांढरा तेवढा पोचतो, आणि भोवतीच्या हिरव्यामुळे डोळ्यांना तो गुलाबीकडे झुकलेला भासतो. रंगीत सावल्यांची ही गंमत जर्मन कवी गटेने १८१० मध्येच सविस्तर नोंदवून ठेवली आहे. तुमच्या टिपणात कुठेतरी गुलाबी, तांबूस किंवा ‘उबदार’ असं काही उतरलं असेल तर ते खोडू नका.

हे सगळं टिपताना फोनच्या कॅमेऱ्यावर विसंबू नका. कॅमेरा आपणहून रंगाचा तोल सावरायला जातो आणि हिरवा उजेड पुसून टाकतो. फोटो काढायचाच असेल तर व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर पक्का करा. त्याहून बरं म्हणजे तिथेच बसून रंगांचे ठिपके मिसळा.

आता चित्राकडे. कवडशाच्या चित्रात छटेपेक्षा उजेड-काळोखाचा क्रम महत्त्वाचा, आणि बहुतेकांचं गणित इथे चुकतं. अशा खोलीत उजेडाच्या तीन पायऱ्या असतात: फटीतून आलेलं साधं ऊन सर्वांत उजळ, हिरवा कवडसा त्याखाली, आणि बाकीची खोली पार खाली. काच बराचसा उजेड अडवते, म्हणून कवडसा उन्हाइतका उजळ कधीच नसतो. तो चमकतो तो भोवतालच्या काळोखामुळे. चित्रात तो चमकत नाही असं दिसलं की हात आपोआप पांढऱ्याकडे जातो, आणि पांढरा मिसळला की हिरवा खडूसारखा होतो. पांढरा ठेवून द्या. भोवतालची फरशी दोन पायऱ्या गडद करा आणि तिच्यातला रंग काढून घ्या, म्हणजे ती किंचित तांबूस झाक असलेल्या करड्याकडे न्या. त्याच हिरव्यात जीव येईल. चित्राच्या एकूण क्षेत्रफळात हिरवा १० ते १५ टक्क्यांवर जाऊ नये, असं माझं मत. तुमच्या आठवणीत तो सगळ्या खोलीभर आहे, खोलीत तो तेवढाच होता.

ट्यूबवरची नावं विसरा, बारीक अक्षरात छापलेला रंगद्रव्याचा संकेत वाचा. ‘एमरल्ड’ नावाचा मूळ रंग तांबं आणि आर्सेनिक यांचा, विषारी होता. आजच्या ट्यूबवर ते फक्त नाव उरलं आहे. ‘सॅप ग्रीन’ बहुतेक वेळा दोन-तीन रंगद्रव्यांचं मिश्रण असतं. ‘व्हिरिडियन ह्यू’ असं लिहिलेलं असेल तर आत सहसा थॅलो ग्रीन निघतं. आणि संकेतांत पीडब्ल्यू ६ दिसलं तर कारखान्यानेच टायटॅनियम व्हाइट घातलं आहे, ती ट्यूब या कामाला निरुपयोगी.

तुम्हाला पारदर्शक रंगद्रव्यं लागतील. थॅलो ग्रीन, संकेत पीजी ७, हे निळसर, पारदर्शक आणि उजेडात टिकणारं आहे. एकटं वापरलं तर मात्र थंड आणि कारखानी दिसतं. तुमचं प्लास्टिक ते हेच. त्यात निकेल ॲझो यलो, पीवाय १५०, मिसळा. तोही पारदर्शक आहे आणि पातळ थरात छान उबदार होतो. प्रमाण १० भाग पिवळा, १ भाग हिरवा इथून सुरू करा. नेहमी पिवळ्यात हिरवा घाला, उलट नको. थॅलो इतका जबर असतो की उलट केलंत तर पिवळ्याची अख्खी ट्यूब संपेल आणि मिश्रण हिरवंच राहील. निळसर काच हवी असेल तर प्रमाण ४ ला १ करा. भडकपणा मोडायला काळा नको. क्विनॅक्रिडोन रोझ, पीव्ही १९, टाचणीच्या टोकावर येईल एवढाच घाला. हाच गुलाबी आणि थॅलो ग्रीन जवळपास सारखे घेतले तर खोल, जिवंत काळा मिळतो. तो खोलीच्या काळोखासाठी वापरा, म्हणजे काळोख आणि कवडसा एकाच कुळातले राहतील.

रंग लावायची रीत ग्लेझिंगची, म्हणजे पातळ, पारदर्शक थर एकावर एक चढवण्याची. उजेड पारदर्शक थरातून आत जातो, खालच्या पांढऱ्यावर आपटतो आणि पुन्हा त्याच थरातून बाहेर येतो. काचेतून गाळलेल्या उजेडाच्या सर्वांत जवळ जाणारी हीच पद्धत आहे, म्हणून इथे जाड थर आणि ब्रशचे ठसठशीत फटकारे कामाचे नाहीत.

आधी पाया. कॅनव्हासवर जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, तीन ते चार पातळ थर द्या, प्रत्येक थर आधीच्या थराला काटकोनात, आणि वाळल्यावर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा. हे टाळलं तर ग्लेझ विणीच्या खळग्यांत साचतो आणि जवळून कवडसा ठिपकेदार दिसतो. गुळगुळीत लाकडी बोर्ड घेतलात तर हा त्रासच नाही. आठ लहान चित्रांसाठी मी बोर्डच सुचवेन. पायावर आधी करड्यांत सगळी खोली रंगवून घ्या, कवडशाच्या जागी जवळजवळ पांढरं ठेवा, कडा मऊ करा. ही पायरी पूर्ण वाळेपर्यंत हिरव्याला हात लावायचा नाही.

मग ग्लेझ. तयार केलेल्या हिरव्याचा १ भाग आणि ग्लॉस ग्लेझिंग मीडियमचे, म्हणजे रंग पातळ करायच्या चकचकीत, पारदर्शक माध्यमाचे, १५ भाग. पहिल्यांदा हे हास्यास्पद पातळ वाटेल, वाटू द्या. रुंद, मऊ ब्रशने एकदाच सलग पसरवा, कोरड्या ब्रशने वरून हलकेच फिरवा आणि सोडा. २० ते ३० मिनिटांत थर वरून वाळतो, मग दुसरा. तीन ते सहा थरांत खोली येते. ६० बाय ६० सेंटिमीटरचा कॅनव्हास पूर्ण झाकायला एका थराला साधारण २० ते २५ मिलीलिटर ग्लेझ लागतो. तुम्हाला फक्त कवडसे झाकायचे आहेत, तेव्हा झाकणाच्या बाटलीत १०० मिलीलिटर एकदाच करून ठेवलात तर लहान आकारातली आठही चित्रं त्यात होतील. दर वेळी नव्याने मिसळायला गेलात तर छटा हमखास सरकते.

कुठे बिनसतं तेही सांगते. ग्लेझ पाण्याने पातळ केला तर रंग धरून ठेवणारं बंधक विरळ होतं, थर अशक्त राहतो आणि ओघळांचे डाग उमटतात. पाणी ब्रश ओला करण्यापुरतंच. मॅट मीडियम वापरलं तर त्यातली भुकटी उजेड विखुरते आणि चार थरांनंतर सगळं दुधट दिसतं. चमक नको असेल तर सगळे थर ग्लॉसमध्ये करून शेवटी सॅटिन व्हार्निश द्या. बाटली जोराने हलवली तर बुडबुडे येतात आणि वाळल्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात. सावकाश ढवळा, रात्रभर बसू द्या. अर्धवट वाळलेल्या थरावर ब्रश फिरवला की थर सालीसारखा उचलतो. तसं झालं तर लगेच दुरुस्त करायला जाऊ नका, पूर्ण वाळू द्या, घासा, पुन्हा लावा. आणि ओलं ॲक्रिलिक मीडियम दुधट असतं, वाळल्यावर पारदर्शक होतं, म्हणून रंग वाळून गडद होतो. ओल्यात बरोबर वाटलेला हिरवा दुसऱ्या दिवशी जड वाटतो. दर थराआधी त्याच जेसो लावलेल्या कागदाच्या पट्टीवर चाचणी करा.

तैलरंगात काम करणाऱ्यांना हीच रीत चालते, फक्त थरांमध्ये दिवस जातात, वरचा थर खालच्यापेक्षा जास्त तेलाचा ठेवावा लागतो, आणि जवसाचं तेल कालांतराने पिवळं पडतं. उबदार हिरव्याला ते सोसतं, निळसर हिरव्याला नाही. जलरंगात कागदच पांढरा पाया असतो, पण थॅलो कागदात रुततो. एकदा बसला की पुसून निघत नाही.

जाणकारांच्या शेऱ्याबद्दल. ‘हिरवा विकला जात नाही’ हे वाक्य वेगवेगळ्या रंगांविषयी ऐकू येतं. प्रदर्शनातल्या आठ चित्रांचा विषय त्यावर ठरवू नये. रंगांचे ठरीव अर्थ सांगणाऱ्या तक्त्यांनाही तेवढंच महत्त्व द्या. रशियन चित्रकार वासिली कांदिन्स्कीचंच बघा. १९११ च्या सुमारास त्याने रंगांची उपपत्ती मांडली, तीत शुद्ध हिरवा म्हणजे सुखवस्तू, स्वतःवर खूश, जागचा न हलणारा रंग. दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, आठवणी लिहायला बसला तेव्हा वयाच्या तिसऱ्या वर्षी मनावर ठसलेल्या रंगांत त्याने पहिला सांगितला तो उजळ, रसरशीत हिरवा. उपपत्ती आणि आठवण त्याचीही जुळली नाही, आणि त्याचं काही अडलं नाही.

भाबडेपणाचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. तुमचं एक गृहीतक असं दिसतं, की तो रंग नेमका उतरला की बघणाऱ्याला तुमची दुपार मिळेल. तसं होत नाही. बघणाऱ्याकडे ना ती आजी आहे, ना ती फरशी. रंग एकटा भावना पोचवत नाही, परिस्थिती पोचवते: उजेड कुठून येतो, वेळ काय, जमीन किती जवळ आहे. जमीन जवळ असणं तर खासच. मूल फरशीवर पडलेलं असतं, त्याच्या डोळ्यांची उंची वीतभर. तुम्ही चित्रं उभ्या माणसाच्या नजरेतून काढली असतील तर ती मोठ्या माणसाने आठवलेली खोली होते, आणि भाबडेपणा तिथूनच शिरतो. एकदा जमिनीवर गाल टेकवून रेखाटन करून बघा. कवडशाचा चौकोन पार चपटा, लांबट पट्टा होतो, आणि दाराची खालची फट एकदम महत्त्वाची होते.

चित्र झालं की गोष्ट माहीत नसलेल्या कुणाला तरी दाखवा. “आवडलं का?” हा प्रश्न निरुपयोगी आहे. “उजेड कुठून येतोय? किती वाजले असतील? बघणारा कुठे आहे?” हे विचारा. तिन्हींची उत्तरं जवळपास बरोबर आली तर चित्र उभं आहे. चित्राशेजारच्या पाटीवर आजीची गोष्ट लिहिण्याचा मोह टाळा. हवी तर एक कोरडी ओळ ठेवा: दारावरच्या काचा, दुपार, वर्ष.

आठ चित्रांची मांडणी कशी करावी? एक पर्याय म्हणजे आठ चित्रांत आठ वेगवेगळे हिरवे, ‘खऱ्या’ छटेच्या शोधासारखे. हा पर्याय सुचणं स्वाभाविक आहे, पण भिंतीवर ते छटांचं कॅटलॉग दिसेल. दुसरा पर्याय, हिरवा एकच, त्या एका बाटलीतला, आणि भोवताल बदलता: करडी फरशी, पिवळट फरशी, भिंत, त्वचा, पांढरं कापड. बघणाऱ्याला तो आठ ठिकाणी आठ वेगळे हिरवे वाटेल. चित्रकार जोसेफ आल्बर्सने १९५० पासून १९७६ मध्ये वारेपर्यंत एकात एक बसवलेल्या चौकोनांची जी शेकडो चित्रं केली, त्यांचा सगळा भर अशाच गोष्टीवर आहे: शेजार बदलला की रंग बदलतो. त्याची एक सवय तुम्हीही उचला. कुठले रंग वापरले ते तो चित्राच्या पाठीमागे लिहून ठेवायचा. तुम्ही संकेत, प्रमाण आणि थरांची संख्या लिहा. दोन वर्षांनी डागडुजी करायची वेळ आली तर तेवढंच उपयोगी पडेल.

मी दुसरा पर्याय निवडेन, आणि आठातलं एक चित्र हिरव्याशिवाय करेन. बराच वेळ हिरव्या उजेडात राहून बाहेर आलं की काही क्षण सगळं गुलाबीसर दिसतं. ते दार उघडल्यानंतरचं चित्र आहे. बाकीच्या सातांच्या शेजारी ते लावलं तर बघणाऱ्याच्या डोळ्यांतही थोडं तसंच घडेल, कारण त्याने नुकतेच सात हिरवे पाहिलेले असतील. भावाच्या पट्टीवर निळा निघाला तर आणखी एका चित्रात प्रमाण ४ ला १ चा निळसर ग्लेझ वापरायलाही माझी हरकत नाही, पण एकाच.

रंग पक्के करण्याआधी प्रदर्शनाच्या जागेचे दिवे बघून या, आणि चाचणीच्या पट्ट्या बरोबर न्या. दिवसाच्या उजेडात सारख्या दिसणाऱ्या दोन मिश्रणांत दिव्याखाली फरक पडू शकतो, आणि स्वस्त एलईडीखाली थॅलोचे हिरवे फार थंड वाटतात. घरी काम करताना सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी अंक) ९० च्या वरचा दिवा वापरा. फ्लोरोसंट रंगांचा मोह अशा विषयात अनेकांना होतो. ते उजेडात फार लवकर उडतात, टाळा.

असाच एखादा रंग जपणाऱ्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. आठवणीतला रंग उजेडाचा नसून वस्तूचा असेल, रेनकोट, पत्र्याचा डबा, लोकर, तर पारदर्शक थरांचा अट्टहास नको. तिथे पृष्ठभाग पकडा. गुळगुळीत तैलरंगाची चकाकी, लोकरीचा केसाळपणा, घासून गेलेल्या कडा यांतच तो रंग राहतो, आणि त्याला अपारदर्शक रंग आणि जाड थर हवेत. आणि तो रंग आजारपणाशी किंवा कुणाच्या जाण्याशी जोडलेला असेल, तर हातभर कॅनव्हासने सुरुवात करू नका. तळहाताएवढे कागद घ्या, बैठक अर्ध्या तासाची ठेवा, आणि काम झाल्यावर ते दिसणार नाही अशा जागी ठेवा. त्रास वाढत गेला तर तो विषय चित्रातून सोडवायचा नाही, कुणाशी तरी बोलून सोडवायचा.

वेळेचा हिशोब आताच करा. पाया आणि करड्यांतली खोली यांत बहुतेक वेळ जाईल, ग्लेझ सर्वांत कमी. आठ होत नसतील तर पाच लावा; आयोजकांना महिनाभर आधी कळवलं तर ते भिंत नव्याने आखू शकतात. शेवटच्या ग्लेझनंतर व्हार्निश देण्याआधी किमान दोन आठवडे थांबा. व्हार्निशनंतरही चित्रं एकमेकांवर तोंडाला तोंड लावून ठेवू नका. ताजं ॲक्रिलिक एकमेकांना चिकटतं आणि बबल रॅप थेट लावला तर बुडबुड्यांचे गोल ठसे कायमचे उमटतात. मधे सिलिकॉनचा लेप असलेला कागद घाला आणि चारही कोपऱ्यांना जाड पुठ्ठ्याचे तुकडे लावून चित्रं उभी न्या.